नव्या बाईंचा पहिला दिवस

आमच्या गावची शाळा बंद झाली. मुलं उरली नाहीत. जी आहेत ती रिक्षात कोंबून मोठ्या गावातल्या शाळेत जातात. मागे राहिलेली बाकं मी शिकवते त्या शाळेला मिळाली. ती आणायला कोण जाणार, असं मुख्याध्यापकांनी विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गाव माझं. म्हणून टेम्पो घेऊन मी गेले.

खाऱ्या वाऱ्यानं कुलूप इतकं गंजलं होतं की चावी आत शिरेना. ड्रायव्हरनं दगडानं ठोके घातले तेव्हा कुलूप तसंच राहिलं आणि कडीच निखळून आली. आत वटवाघळांचा उग्र वास. भिंतींना लोणा लागलेला, हात टेकला तर चुना पिठासारखा गळत होता. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुम्ही बसा, मी एकेक काढतो." मी बसले तर गुडघे पोटाशी आले. किती बुटकी असतात ही बाकं. आमची पाठ कधी काळी एवढ्याशा फळीत मावत होती.

बसल्या बसल्या काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं, वास नाही. वाळत्या मासळीचा वास नाही. शाळेच्या मागे पूर्वी वाळूवर बांबूच्या वलांडी असायच्या, आणि त्यांच्यावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले. थंडीत खाली जवळ्याचे गुलाबी पसारे. आता तिथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बंगले आहेत, आणि पाहुण्यांना वास सोसत नाही. पूर्वी तो वास आमच्या केसांत, दप्तरात, पाढ्यांतसुद्धा असायचा. बाहेरगावचा कोणी आला की नाकाला रुमाल लावायचा आणि मग आम्हाला आठवायचं की आपल्याला वास येतो.

आदल्याच आठवड्यात तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं होतं. नव्या वर्गावर पहिल्या दिवशी छाप कशी पाडावी, असा विषय. एक तरुण साहेब पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होते. दारात उभं राहा, हसा, मुलांची नावं पाठ करा. "आणि घरची चौकशी करा," ते म्हणाले. "आई काय करते, बाबा काय करतात. मुलाला लगेच आपलेपणा वाटतो." सगळ्या जणी माना डोलावत होत्या. साहेब माणूस चांगला होता, पोटतिडकीनं बोलत होता. माझं पुढचं ऐकण्यात लक्ष राहिलं नाही.

*

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी मी पाचवीत होते. माझा बापूस तांडेल होता. स्वतःची लहान बोट, दोन खलाशी हाताखाली. त्याच्या अंगाला डिझेलचा आणि तंबाखूचा वास. जाळं विणायला बसला की पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून धरायचा आणि सुई अशी चालवायचा की बघणाऱ्याला झोप यावी. चार-चार दिवस दर्यावर काढून घरी आला की सुरुवातीला त्याला जमिनीवर चालता यायचं नाही. ओटीवर येऊन खांब धरायचा आणि म्हणायचा, "थांब गो पोरी, जमीन हालते." मी त्याचा दुसरा हात धरायची. थोड्या वेळानं जमीन थांबायची आणि मग तो जेवायला बसायचा.

दसरा सरला आणि दर्या फिरला. वादळाची बातमी रेडिओवर होती असं पुढे लोक म्हणाले. आधी काय होतं मला ठाऊक नाही. मला आठवतो तो वारा. तो कौलांवर न येता कौलांखाली शिरत होता आणि एकेक कौल उचलून बघत होता. सकाळी किनाऱ्यावर सगळं गाव उभं. बायका एका जागी दाटीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीचं लुगडं एकाच बाजूला फडफडत होतं.

बोट उलटी सापडली, रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी. एका खलाशाचं प्रेत तिथंच पुळणीवर लागलं. दुसऱ्याला थळच्या एका बोटीनं उचललं. तो रिकाम्या पिंपाला मिठी मारून होता आणि त्याची मिठी सोडवायला दोन माणसं लागली. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "तांडेल पवत व्हता. मी बघितला. पवत व्हता."

पोहत होता, या एका वाक्यावर आमचं घर उभं राहिलं.

आईनं कुंकू पुसलं नाही. हिरव्या बांगड्या हातात राहिल्या. ती रोज पहाटे टोपली घेऊन बंदरावर जायची, दुसऱ्यांच्या बोटींची मासळी विकत घ्यायची आणि अलिबागच्या बाजारात नेऊन विकायची. संध्याकाळी कालवण करायची ते पहिल्याइतकंच. बापसाच्या वाटणीची तांदळाची भाकरी पातेल्याखाली झाकलेली असायची. सकाळी तीच आम्ही दोघी चहाशी खायचो. शिळ्या भाकरीची ती आंबूस चव माझ्या तोंडात अजून आहे. शेजारणी यायच्या, आईच्या कपाळाकडे बघायच्या आणि दुसरंच काहीतरी बोलायच्या. दिवाळी आली. आमच्या दारात पणती लागली नाही आणि का लागली नाही तेही कोणी बोललं नाही. सुतक धरलं म्हणावं, तर मेलं कोण?

*

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा जुने गुरुजी बदलून गेले होते. नव्या बाई येणार, असं कळलं.

नवा मास्तर म्हणजे आमच्यासाठी तमाशा. शाळेच्या कठड्यावर बसून आम्ही सगळी वाटेकडे डोळे लावायचो. वाट मासळी वाळवायच्या खळ्यातून यायची. तिथं येणारा माणूस काय करतो त्यावरून आमचा निकाल लागायचा. नाकाला रुमाल लावला की संपलं, त्याचं शिकवणं वर्षभर ऐकायचं नाही. जवळ्यावर पाय दिला तर म्हाताऱ्या शिव्या घालायच्या आणि आम्ही खिदळायचो. मास्तरांना वाटत असेल की वर्गात पाऊल टाकल्यावर ओळख सुरू होते. आमची तोवर होऊन गेलेली असायची.

बाई आल्या तेव्हा भरती होती आणि ऊन कोवळं होतं. बारीक अंगाच्या, खांद्याला पिशवी, पायात बंद चपला. वयानं आमच्या मोठ्या बहिणींएवढ्याच. घाटावरच्या. समुद्र त्यांनी त्या आठवड्यातच पहिल्यांदा पाहिला होता. खळ्याच्या तोंडाशी त्या थांबल्या. पाय कुठं ठेवावा ते कळेना. मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि जवळा निवडणाऱ्या म्हातारीला विचारलं, "मावशी, कुठून जाऊ गं?"

म्हातारी दोन क्षण बघत राहिली. आमच्याकडे 'गं' म्हणत नाहीत, 'गो' म्हणतात. मग ती उठली आणि बाईंचा हात धरून त्यांना कडेकडेनं पलीकडे सोडून गेली. रुमाल निघाला नाही. माझ्या शेजारी बसणारी सुमन म्हणाली, "बरी हाय."

वर्गात बाईंचे पाय वाळूनं भरलेले होते आणि साडीच्या काठाला दोन-चार जवळे चिकटले होते. त्यांनी ते झटकले नाहीत. बहुतेक दिसलेच नसतील. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. गायकवाड बाई. त्यांचा आवाज कापत होता. ही त्यांची पहिलीच नोकरी, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आता तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "एकेकानं उभं राहायचं. आपलं नाव, आणि वडील काय करतात."

पहिल्या बाकावरून सुरुवात झाली. बापूस बोटीवर जातो. बापूस रेवसला लाँचीवर कामाला हाय. बापूस जाळी विणतो. बाई प्रत्येकाला हसून "छान" म्हणत होत्या. मी तिसऱ्या बाकावर होते. माझ्या पुढची बाकं उठत होती आणि बसत होती, आणि वर्ग हळूहळू गप्प होत चालला होता. दंगा करणारी पोरंसुद्धा वळून माझ्याकडे बघायला लागली होती. बाईंना ते शिस्त वाटलं असेल.

मी उभी राहिले. नाव सांगितलं. मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव. बापाचं नाव तोंडातून गेलं आणि पुढचं येईना.

"आणि वडील काय करतात?"

बाहेर कोणीतरी वलांडीवर कावळे हाकलत होतं. हा ऽ हा ऽ. वर्गात तेवढाच आवाज.

सुमनला माझी दया आली असावी. ती बसूनच म्हणाली, "बाई, तिचा बापूस बुडाला."

"न्हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "बुडाला न्हाय. दर्यावर गेलाय."

बाईंनी सुमनकडे पाहिलं. मग वर्गाकडे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा बाकांवर. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. मला बसायचं होतं, पण बस म्हटल्याशिवाय बसता येत नव्हतं. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

बाई माझ्यापाशी आल्या. त्यांना खोबरेल तेलाचा आणि प्रवासाचा वास येत होता. त्या म्हणाल्या, "दर्यावर गेलेत ना? मग आले की त्यांना शाळेत पाठव. मला भेटायचंय त्यांना."

मी खाली बसले. आणि त्या दिवसापासून मी त्या बाईंची झाले.

*

त्या थंडीइतकी सुंदर थंडी मी पुन्हा पाहिली नाही, आणि हे म्हणायला मला भीती वाटते. सकाळी वाळू पायाला गार लागायची. खाडीवर धुकं बसलेलं असायचं आणि त्यातून आधी इंजिनाचा आवाज यायचा, मग डोलकाठी, मग बोट. मी प्रत्येक आवाजाला उभी राहायचे. पण आता मला त्याची लाज वाटत नव्हती. बाकी गाव मला बघून कुजबुजायचं, आजीच्या वयाच्या बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवून डोळे पुसायच्या. माझ्या बापसाला 'आले की' म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते रोज सकाळी खळ्याच्या कडेनं चालत यायचं.

मी बाईंना विचारलं, "बाई, बापसाशी तुमाला काय बोलायचंय?"

"तुझ्या अक्षराबद्दल," त्या म्हणाल्या. "फार किरटं आहे."

मग मी अक्षर घोटायला लागले. बापूस आला आणि बाईंनी तक्रार केली तर? पाटीवर, वाळूवर, ओल्या होडीच्या बाजूवर काडीनं. वेलांटी गोल, उकार पोटाशी. मार्गशीर्षात माझं अक्षर सुधारलं. पौषात बाई म्हणाल्या, "आता वर्गात तुझ्यासारखं कोणाचं नाही." मला आनंद झाला आणि लगेच काळजी लागली, की आता बाई बापसाशी बोलणार काय?

बाईंनाही गाव कळायला लागलं होतं. मांदेली आणि मोदकं या बारक्या मासळीतला फरक त्या आमच्याकडून शिकल्या. सापासारखी लांब वाकटी बघून त्या पहिल्यांदा मागं सरल्या होत्या, तीच पुढे विकत घेऊन गेल्या. भरती कधी, ओहोटी कधी, हे त्या रोज विचारायच्या. वर्गाची एक खिडकी समुद्राकडे होती. आम्हाला गणितं घालून त्या तिथं उभ्या राहायच्या. मला वाटायचं, घाटावरच्या माणसाला समुद्राचं अप्रूप.

शिमगा आला. आमच्याकडे शिमगा म्हणजे वर्षाचा सण. बोटींना पताका, ढोल, पालखी, बायकांची फेर धरून गाणी. त्या वर्षी आमच्या घरासमोर ढोल आपोआप बंद व्हायचा आणि चार घरं पुढे गेल्यावर पुन्हा सुरू व्हायचा. दाराआडून मी ते ऐकत होते. बंद झालेला ढोल वाजणाऱ्या ढोलापेक्षा मोठा ऐकू येतो.

शिमगा उलटला आणि बापसाचा मोठा भाऊ घरी आला. मी त्याला आबा म्हणायची. बरोबर भावकीतली दोन माणसं. आबा ओटीवर बसला, पाणी प्याला, आणि खाली बघत आईला म्हणाला, "आता करून टाकू. दर्भाचा पुतला करायचा आनि अग्नी द्यायचा. किती दिवस त्याला तिथं भटकत ठेवायचा?"

आई चुलीपाशी होती. तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

मी बोलले. मी ओटीच्या मधोमध उभी राहून ओरडले. "पुतला जालाल आनि बापूस आला तर? बाईंनी सांगितलंय, बापूस आला की शालंत पाठव. बाई शिकलेल्या हायत. बाईंना ठाव हाय!"

आबानं मान वर केली. आईचा हात तव्यावर तसाच राहिला. भाकरी करपल्याचा वास घरभर झाला तरी तिनं ती उलटली नाही. ती माझ्याकडे बघत होती, अशी की मी तिला पहिल्यांदाच दिसले आहे.

*

दुसऱ्या दिवशी आई बाजाराला गेली नाही. माझ्याबरोबर शाळेत आली. मला वर्गात बसवलं आणि बाईंना व्हरांड्यात थांबवलं. दरवाजा उघडाच होता. माझं बाक दारापासून लांब नव्हतं.

"बाय," आई म्हणाली, "तुमी माज्या पोरीला काय सांगितलं?"

आईनं पदर कमरेला खोचला.

"शेजारपाजार मला येडी म्हनतो. म्हनू दे. मी कुंकू लावते, भाकरी झाकते, ते माजं मी बघीन. पन ही पोर माज्या कुंकवाकडं बघून वाट बघत न्हाय. तुमच्या शब्दाकडं बघून बघते. शिकलेल्या मानसाचा शब्द हाय तो."

"ताई, मला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "पहिला दिवस होता. पोरगी उभी होती. सगळे तिच्याकडं बघत होते. मला तिला कसंतरी खाली बसवायचं होतं."

"व्हय," आई म्हणाली. "मंग आता उठवा. तुमीच बसवली, तुमीच उठवा. माज्यानं व्हनार न्हाय."

त्यानंतर आई आणखी काहीतरी बोलली, पण आवाज खाली गेला होता. मला ऐकू आलं नाही. मी बाईंची पाठ तेवढी बघत होते. ती पाठ ताठ होती आणि मग हळूहळू तिचे खांदे उतरले.

दुपारी शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. सगळी मुलं गेली. बाई माझ्या बाकावर शेजारी येऊन बसल्या. ओहोटी लागली होती, चिखलाचा वास आत येत होता. त्यांनी माझी पाटी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "मी तुला पहिल्या दिवशी एक बोलले होते. ते मी बोलायला नको होतं. तुझे बाबा येणार नाहीत, बाळ."

"तुमाला काय ठाव?"

"आता माहीत आहे."

"मंग तवा कशाला सांगितलं?"

मी त्यांना मारलं. दोन्ही मुठींनी, दंडावर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं. त्यांनी हात वर केला नाही. मी "खोटारडी" म्हणाले, आणखीही म्हणाले, बंदरावर ऐकलेल्या शिव्या दिल्या. मग माझा जोर संपला. बाईंनी मला जवळ घेतलं नाही, तसा प्रयत्नही केला नाही. त्या फक्त उठून गेल्या नाहीत. मी रडेपर्यंत बसल्या, रडून थांबेपर्यंत बसल्या, आणि मग मला घरापर्यंत सोडायला आल्या, माझ्या मागून, थोडं अंतर ठेवून.

दर्भाचा पुतळा इतका हलका होता. आबानं तो दोन्ही हातांत घेतला तेव्हा वाऱ्यानं उडेल असं वाटलं. मला आठवतो तो माझ्या बापसाचा खांब धरलेला जड हात, आणि हे. तो भुर्रकन पेटला आणि भुर्रकन विझला. पुरुष माणसं बघतच राहिली की एवढ्यात झालं. मग बायका आईला पाण्याच्या कडेला घेऊन गेल्या. एकीनं दगड घेतला. काचेचा तो आवाज फार बारीक असतो. लाटेनं झाकला जाईल असं वाटतं, पण जात नाही.

बायकांच्या घोळक्याच्या मागे गायकवाड बाई उभ्या होत्या. पायात चपला नव्हत्या. कोणी त्यांना या म्हटलं नव्हतं आणि जाही म्हटलं नाही.

*

त्यानंतर मी बाईंशी बोलले नाही. विचारलं तर उत्तर द्यायचं, बस. त्यांनीही बोलायला लावलं नाही. असं पाचवीचं वर्ष संपलं. जूनमध्ये शाळा पुन्हा भरली. पाचवी ते सातवी एकाच खोलीत बसायची, त्यामुळे खालच्या वर्गातून नवी मुलं आली होती. बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपापलं नाव सांगा." एवढंच. एका पोरानं सवयीनं पुढचं सांगायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "पुरे. तुझं नाव कळलं."

मग सहावीत कधीतरी, का ते आठवत नाही, मी त्यांना विचारलं, "बाई, तुमच्याकडं दर्या न्हाय, तर नदी हाय का?"

"आहे," त्या म्हणाल्या. "पण उन्हाळ्यात नसते."

मला त्याचं हसू आलं. त्याही हसल्या. एवढ्यावर आमचं पुन्हा सुरू झालं. पण पहिल्यासारखी मी त्यांची कधी झाले नाही. कोणाचीच झाले नाही. सातवी संपली, मी अलिबागला शिकायला गेले, बाईंची बदली झाली. मी मास्तरीण झाले. लोक म्हणतात बाईंमुळे. असेल.

मध्ये काही वर्षांपूर्वी अलिबागच्या एसटी स्टँडवर त्या मला दिसल्या. मी ओळखलं ते चालण्यावरून. केस पांढरे, हातात काठी. पेन्शनच्या कामाला आल्या होत्या. आम्ही बाकड्यावर बसलो. मी शिक्षिका झाले म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. इकडचं तिकडचं झालं. मग त्या एकदम म्हणाल्या, "तुझ्या आईनं त्या दिवशी व्हरांड्यात शेवटी काय सांगितलं, तुला बोलली का कधी?"

"नाही."

"म्हणाली, 'मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. पिंपाला धरून एक जण आला, बोटीवर पिंप दुसरं नव्हतं. पोर शाळेतून आली की आधी माझ्या कपाळाकडे बघते, म्हणून लावते.'"

स्टँडवर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. मी म्हणाले, "म्हणजे आई माझ्यासाठी, आणि तुम्हीही मला बरं वाटावं म्हणून..."

"नाही गं," बाई म्हणाल्या. "मी नाही. मी खरंच वाट बघत होते."

त्यांनी दुसऱ्या हातानं काठी बाकड्याला टेकवली.

"आमच्याकडं माणसं ऊस तोडायला जातात," त्या म्हणाल्या. "निरोप नसतो, पत्र नसतं. माघारी येत नाहीत असं वाटतं आणि एक दिवस दारात उभी असतात. माझा बाप तसाच यायचा. ती मुलगी बुडाला म्हणाली, पण तू इतक्या ठामपणे म्हणालीस, दर्यावर गेलाय, की मला तुझंच खरं वाटलं. समुद्र मला कुठं माहीत होता? तुझ्या आईपुढे हे बोलायची लाज वाटली. मी तुम्हाला गणितं घालून खिडकीत उभी राहायची ती बोटी बघायला. तुझ्या आईनं सांगितलं तेव्हा मला कळलं, की ह्या गावात वाट बघणाऱ्या दोघीच होतो. तू आणि मी."

त्यांची गाडी आली. मी त्यांना हाताला धरून चढवलं. खिडकीतून त्या काही म्हणाल्या ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. त्यानंतर भेट नाही. गेल्या, असं मागच्या वर्षी कानावर आलं.

त्या भेटीच्या दिवशी घरी गेले तेव्हा आई मोरीपाशी बसून मांदेली साफ करत होती. मी म्हटलं, "आये, गायकवाड बाई भेटल्या स्टँडवर."

तिचे हात थांबले नाहीत. "बरी हाय ना?"

"थकल्यात."

"थकनारच," आई म्हणाली. खवल्यांनी भरलेल्या मनगटानं तिनं कपाळ पुसलं. "पोरगीच व्हती गो ती तवा. मी लय बोलले तिला."

याहून जास्त आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

*

ड्रायव्हरनं शेवटचं बाक उचलायला मला उठवलं. टेम्पोत बाकं एकमेकांवर उलटी रचली होती, पाय आभाळाकडे. त्यानं दोर आवळला आणि विचारलं, "बाई, दाराला काय लावू? कडी तर तुटली." मी म्हटलं, राहू दे, आत आहे काय. तरी त्यानं एक दगड आणून दाराला टेकवला.

सोमवारी आमची शाळा भरते आहे. नवा वर्ग असेल. मी दारात उभी राहीन, साहेबांनी सांगितलं तसं. हसेन. नावं विचारीन आणि नावांवर थांबेन. घरचं मी विचारत नाही. कोणी आपणहून सांगतं, बहुतेक जण सांगत नाहीत. साथीच्या त्या दोन वर्षांनंतर शाळा उघडली तेव्हा एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. हळूच म्हणाली, "बाई, माझी आई दवाखान्यात गेलीय. अजून आली नाही." तिची आई जाऊन वर्ष झालं होतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं आणि मलाही.

मुलं माझ्याकडे बघत होती. मी तिला माझ्या खुर्चीशेजारी जागा केली आणि ती दिवसभर तिथं उभीच राहिली.